पेपरात सिंह, पत्रिकेत वृश्चिक, रवी कर्केत: रास कोणती धरायची?

दर्याकाठ (प्रश्न)
जन्म 5 ऑगस्ट, सकाळी 6:50, रत्नागिरी. साल मुद्दाम देत नाही. इंग्रजी पेपरातल्या भविष्याप्रमाणे रास सिंह येते. गुरुजींनी केलेल्या पत्रिकेत रास वृश्चिक, नक्षत्र अनुराधा. त्याच पत्रिकेत रवी 4 आकडा लिहिलेल्या घरात आहे, म्हणजे चौथ्या स्थानात, असं मी समजतोय. त्यात भर म्हणजे एका ॲपमध्ये कर्क लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) आणि दुसऱ्यात सिंह. यातलं खरं काय? आणि रवीवरून नेमकं बघतात काय?

इष्टघटी
आधी आकड्याचं. आपल्याकडच्या चौकटीत घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नाही. 4 म्हणजे कर्क. स्थानं मोजायची ती वरच्या मधल्या घरापासून: ते पहिलं, मग डावीकडून खाली उतरत जायचं. जाता जाता हेही बघा की अक्षर "र" आहे की "रा". हस्तलिखित पत्रिकेत रवीचा राहू सहज होतो.

आता राशी. पत्रिकेतली वृश्चिक ही चंद्राची रास. महाराष्ट्रात "तुमची रास कोणती" याचं उत्तर चंद्रावरून द्यायचं असतं. नावाचं अक्षर (अनुराधेला ना, नी, नू, ने), साडेसाती, विवाहाचं गुणमेलन, सगळं तिच्यावरून. पेपरातली सिंह ही रवीची रास, पण सायन पद्धतीची, म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये रवी विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून) मोजलेली. आपली पंचांगं निरयन, ताऱ्यांच्या संदर्भाने मोजणारी. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश. चित्रापक्षाने (चित्रा ताऱ्यावरून मोजण्याच्या पद्धतीने) तो सन 2000 च्या सुरुवातीला 23 अंश 51 कला (60 कलांचा एक अंश, 60 विकलांची एक कला) होता आणि वर्षाला साधारण 50 विकला वाढतो. 5 ऑगस्टला सायन रवी सिंहेच्या 12-13 अंशांवर असतो. त्यातून 24 वजा करा, कर्केचे 18-19 अंश आले. आश्लेषा नक्षत्र.

म्हणजे तिघांपैकी चुकलं कुणीच नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे.

निरयन रवीच्या तारखा ढोबळ लक्षात ठेवायच्या तर मेष 14 एप्रिल, कर्क 16 जुलै, सिंह 17 ऑगस्ट, तूळ 17 ऑक्टोबर, मकर 14-15 जानेवारी. मधल्या राशी महिन्याच्या अंतराने लावून घ्या, पण समान भाग करू नका. रवी मिथुनेत साडेएकतीस दिवसांहून जास्त रेंगाळतो आणि धनूतून साडेएकोणतीस दिवसांच्या आत निघतो. संक्रांतीच्या दिवशीचा जन्म असेल तर पंचांगात दिलेली संक्रमणाची वेळ बघितल्याशिवाय रास सांगू नये.

गुहागरची वाट
वरच्यात कोकणापुरती एक भर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच घरं टिळक पंचांग पाळतात. त्याचा अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे 4 अंशांनी कमी. म्हणून त्यांची मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते, आणि एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडला की गणपतीसुद्धा महिनाभर आधी बसतात. 5 ऑगस्टच्या रवीला फरक नाही, तो दोन्हीकडे कर्केतच. पण 14-15 ऑगस्टचा जन्म असता तर टिळक पंचांगाने रवी सिंहेत आणि चित्रापक्षाच्या दाते पंचांगाने कर्केत निघाला असता. चंद्राचं तर नेहमीच बघावं लागतं: नक्षत्राचा चरण (चौथा भाग) 3 अंश 20 कलांचा, त्यामुळे 4 अंशांत चरण बदलतोच आणि नावाचं अक्षरही. पत्रिका कुठल्या पंचांगावर केली हे गुरुजींना विचारून तिच्यावर लिहून ठेवा.

आता लग्नाचा घोळ. दुसऱ्या ॲपमध्ये जन्मगाव तपासा, बहुतेक दिल्ली राहिलं असेल. सूर्योदयाला लग्न आणि रवी जवळजवळ एकाच अंशावर असतात. रत्नागिरीत 5 ऑगस्टला सूर्योदय साधारण 6:18. तिथून 6:50 पर्यंत 32 मिनिटं. या भागात लग्नाचा एक अंश साडेचार मिनिटांच्या आतबाहेर सरकतो, म्हणजे लग्न कर्केच्या 25 अंशांच्या आसपास. दिल्लीत त्याच दिवशी सूर्य सहा वाजायला 15 मिनिटं असतानाच, म्हणजे 5:45 ला उगवतो. तिथून 65 मिनिटं झाली की सिंह लग्न लागलेलं असतं. रेखांश 73 अंश 18 कला टाका, दोन्ही ॲप जुळतील.

मात्र जन्मवेळ वीसेक मिनिटांनी पुढची असेल तर रत्नागिरीतही सिंह लग्न येईल. दवाखान्यातली नोंद मिळाली तर तीच धरा. "सकाळी सातच्या सुमारास" यावर लग्न ठरवायचं नाही.

दर्याकाठ
दिल्लीच निघाली. पण रवी दोन्हीकडे कर्केतच असेल तर लग्न बदलल्याने त्याच्या फळात एवढा काय फरक पडतो?

इष्टघटी
बराच. रास रवीची प्रकृती सांगते, स्थान त्याचं काम कुठे चालतं ते सांगतं, आणि तो कुठल्या घराचा मालक हे तिसरं. कर्क लग्नाला तुमचा रवी पहिल्या स्थानात, आणि सिंह रास दुसरी म्हणून धनेश. धन, कुटुंब, वाणी यांचा मालक लग्नी, तोही मित्राच्या राशीत. सिंह लग्न धरलं की तोच रवी लग्नेश (लग्नराशीचा मालक) होऊन बाराव्यात जातो. तिथे खर्च, दूरदेश, डोळ्यांच्या तक्रारी हा विषय सुरू होतो. तारीख तीच, रवी त्याच अंशावर, आणि वाचन पार उलटं. नुसत्या रवीराशीवर लिहिलेल्या भविष्यात हे दुसरं-तिसरं येऊच शकत नाही, म्हणून ती सदरं करमणुकीपुरतीच ठेवावीत.

रवीवरून बघतात ते आत्मबल, वडील, सरकार आणि अधिकार, हाडं, हृदय, उजवा डोळा. मेषेत 10 अंशांवर परमोच्च, तुळेत 10 अंशांवर परम नीच, सिंह स्वरास. दहाव्या स्थानात दिग्बली, म्हणजे दिशेमुळे बलवान. चंद्र, मंगळ, गुरू मित्र, शुक्र, शनी शत्रू, बुध सम. विंशोत्तरी दशापद्धतीत (आयुष्याचे काळ ग्रहांना वाटून देणाऱ्या) महादशा 6 वर्षांची, सगळ्यात लहान.

नवशिके फसतात ते बुधादित्य योगावर, म्हणजे बुध-रवी एका राशीत असण्यावर. बुध रवीपासून 28 अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे दोघं एका राशीत असणं अगदी नेहमीचं. त्याचा राजयोग करून सांगणाऱ्यापासून जपा. आधी अंतर बघा: 14 अंशांच्या आत बुध अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला) धरतात, वक्री (उलटा चालणारा) असेल तर 12.

अंशांचं गणित खगोलाचं आहे, ते तपासता येतं. फळं मात्र परंपरेने मानलेली. दोन्ही एका तराजूत घालू नयेत.

तरणा-म्हातारा
निरयन रवी कोकणात पत्रिकेपेक्षा शेतावर जास्त वापरात आहे. मृग लागला, तरणा लागला म्हणतो ती रवीचीच नक्षत्रं. रोहिणी 25 मे, मृग 7-8 जून, आर्द्रा 21-22 जून, तरणा म्हणजे पुनर्वसू 5-6 जुलै, म्हातारा म्हणजे पुष्य 19-20 जुलै, आणि 2-3 ऑगस्टला आश्लेषा. प्रत्येकाला साडेतेरा दिवसांच्या आसपास. 5 ऑगस्टचा रवी आश्लेषेत हे भातलावणी करणाऱ्याला ॲप न उघडता सांगता येतं. या तारखाही सरकतात, सुमारे 72 वर्षांत एक दिवस. 1863 साली मकरसंक्रांत 12 जानेवारीला होती.

दर्याकाठ
आजोबांची पत्रिका 1943 ची आहे. तीही ॲपमध्ये तशीच घालू?

गुहागरची वाट
तशी नको. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे त्या वेळेतून तास वजा करावा लागतो. काही ठिकाणी मुंबई टाइमही चालू होता, तो आजच्या वेळेच्या 39 मिनिटं मागे, तर तिथे 39 मिळवायची. कुठलं घड्याळ होतं हे कळत नसेल तर पत्रिकेत "इष्ट घटी-पळे" शोधा. ती सूर्योदयापासून मोजलेली असतात, एक घटी 24 मिनिटांची. त्या तारखेचा त्या गावचा सूर्योदय काढून त्यात मिळवा आणि येणारी वेळ ॲपमध्ये घाला. मग लग्न मूळ पत्रिकेशी जुळतंय का बघा. जुन्या पत्रिकेचा अयनांश वेगळा असेल तर तीन-चार अंशांचा फरक राहील, त्याला घाबरू नका.