मदत हवी आहे: बुऱ्हाणपूरचं टिपण आणि आचेमधलं भांडण

नमस्कार मंडळी,

आमच्या जळगावच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतलाय: मलय मुलखातली (आजच्या मलेशिया-इंडोनेशियाकडची) इस्लामी विद्या आणि खानदेश. ऐकून दोघंतिघं हसले. पण दुवा पक्का आहे.

मुहम्मद इब्न फझलुल्लाह बुऱ्हाणपुरी (मृत्यू १६२०) यांनी १५९०च्या सुमारास, खानदेशात फारुकी सुलतानांचं राज्य असताना, 'तुहफा अल-मुरसला' हे छोटंसं अरबी टिपण लिहिलं. सूफी विचारवंत इब्न अरबींचा वहदतुल वुजूद, म्हणजे खरं अस्तित्व एका ईश्वराचंच हा विचार, त्यात सात पायऱ्यांत बसवलाय. पहिल्या तीन ईश्वरापुरत्या, मग आत्म्यांचं जग, प्रतिमांचं जग, शरीरांचं जग आणि सातवा माणूस. हे टिपण सुमात्राच्या उत्तर टोकाला आचेत पोचलं आणि दरबारातले मोठे आलिम (धर्मपंडित) शम्सुद्दीन (मृत्यू १६३०) यांनी ह्या सात पायऱ्या मलयमध्ये मांडल्या. पुढे जाव्हानीजमध्ये त्या टिपणाचं पद्यही झालं.

१६३७ मध्ये आचेत नूरुद्दीन रानीरी आले. घराणं येमेनमधल्या हद्रमौतचं, जन्म सुरतेजवळच्या रांदेरचा. नवे सुलतान इस्कंदर थानी त्यांच्या बाजूचे. रानीरींनी आधीचे सूफी कवी हमझा फन्सुरी आणि शम्सुद्दीन यांची शिकवण कुफ्र, म्हणजे धर्मबाह्य, ठरवली आणि बैतुर्रहमान मशिदीसमोर त्यांचे ग्रंथ जाळले गेले. सुलतान १६४१ मध्ये वारले, गादीवर राणी सफियतुद्दीन बसल्या. मग सुरतेत शिकून आलेल्या सैफुर्रिजाल यांनी रानीरींशी उघड वाद घातला आणि १६४४ मध्ये रानीरींना रांदेरला परतावं लागलं. म्हणजे बघा, भांडण आचेत, पण बुऱ्हाणपूर काय नि रांदेर काय, दोन्ही तापीकाठची!

माझं घोडं अडलंय ते इथे:

१. सात पायऱ्या जर बुऱ्हाणपुरींच्या, तर रानीरींनी त्यांनाही पाखंडी ठरवलं का?

२. एका जावी हस्तलिखिताच्या पानाचा फोटो उर्दू येणाऱ्या मित्राला दाखवला. अक्षरं ओळखीची, पण त्याला एक ओळ धड लागेना. असं का?

३. माहीमचे मखदूम अली माहिमी ह्यात घ्यावेत का? तेही इब्न अरबींच्याच पठडीतले आणि मलय लोकांसारखेच शाफई कायदेपरंपरेचे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. नुसत्या लिंका नकोत, दोन ओळी समजावून लिहा प्लीज.

प्रतिसाद

पहिल्याचं उत्तर: रानीरी स्वतः सूफीच, रिफाई तरीक्याचे (सूफी गुरुपंथाचे). त्यांनी वुजूदी, म्हणजे वहदतुल वुजूद मानणारे, दोन प्रकारचे मानले, एक मुवह्हिद म्हणजे खरे एकेश्वरवादी आणि दुसरे मुल्हिद म्हणजे वाट सोडलेले. राग दुसऱ्यांवर. त्यामुळे "रानीरी सूफींच्या विरोधात होते" असं बोलू नका, श्रोत्यांत एखादा माहीतगार निघाला तर तिथंच अडवेल.

आणि गोष्ट १६४४ वर थांबवू नका, पुढचा भाग जास्त रंगतदार आहे. आचेचेच अब्दुर्रऊफ सिंकिली १६४२ ते १६६१ अरबस्तानात शिकत होते. मदिनेत त्यांचे गुरू अहमद कुशाशी आणि इब्राहिम कुरानी. 'तुहफा' मलय विद्यार्थी शरीयतचा पाया पक्का नसताना वाचतात, घोटाळा होतो, अशी तक्रार गेल्यावर कुरानींनी त्यावर भलंमोठं भाष्य लिहिलं. म्हणजे बुऱ्हाणपूरच्या टिपणाचा अर्थ मदिनेत बसून सुमात्रासाठी लावला गेला. अब्दुर्रऊफ परतले ते शत्तारी तरीका घेऊन. त्यांच्या गुरुपरंपरेत भडोचचे सिबगतुल्लाह आहेत, हेही तुमच्या कामाचं. अब्दुर्रऊफांनी कुराणाचं पहिलं संपूर्ण मलय तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिलं. जाळपोळीच्या वाटेला ते गेले नाहीत. दुसऱ्याला काफिर म्हणताना जपा, असंच त्यांचं सांगणं होतं. मला विचाराल तर भाषणाचा नायक हाच माणूस.

मखदूमसाहेबांना मात्र ओढू नका. ते १४३१ मध्ये गेले. साम्य म्हणजे दुवा नव्हे.

प्रतिसाद

जावीचं सांगतो. लिपी अरबी, भाषा मलय, त्यामुळे उर्दूवाला अडणारच. शिवाय जादा अक्षरं: 'ऐन'वर तीन टिंबं म्हणजे 'ङ', 'फे'वर तीन टिंबं म्हणजे 'प'. स्वर बरेचदा लिहीतच नाहीत. मलय येणाऱ्यालाच पान दाखवा. जाता जाता: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलय किताबं मुंबईच्या शिळाछापखान्यांतही छापली जात आणि तिथून सिंगापूरला जात. भाषणात हे टाकाच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. अब्दुर्रऊफ घेतोय, माहीम वगळलं. ह्या मुंबई छापाच्या मलय किताबाचं एखादं पान कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? फोटो मिळाला तर पडद्यावर दाखवता येईल.