मदत हवी आहे: पत्रिकेतल्या घटी-पळांचा हिशोब

आजीची जुनी पत्रिका सापडलीय. शके 1869, कार्तिक महिना, सोमवार, इष्ट घटी (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ) 52 पळे 30. एक घटी 24 मिनिटांची, तिची पळे 60, म्हणजे सूर्योदयापासून बरोबर 21 तास. साडेसहाचा सूर्योदय धरला तर जन्म पहाटे साडेतीनचा येतो.

घरात मात्र सगळे मंगळवार म्हणतात! पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. घोळ यातूनच झालाय ना?

खरी अडचण तिथीची. तिथी रात्रीतच बदलली असेल, तर पत्रिकेत उदयतिथी (सूर्योदयाला असलेली) लिहायचे की जन्मवेळेची? वाढदिवस तिथीनेच करायचाय. आणि सूर्योदय जन्मगावचा धरायचा की पंचांगात छापलेला? जाणकारांनी कृपया सांगावं.