फ्रँकलिनचं मृत्युपत्र: मुलाला इतकं थोडं, आणि दोन शहरांना 200 वर्षांचा पैसा?

शाईदौत:
अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या मृत्युपत्राबद्दल दोन शंका आहेत. मुलगा विल्यम याला जवळपास काहीच का मिळालं नाही? आणि बॉस्टन व फिलाडेल्फियाला दिलेले हजार-हजार पौंड 200 वर्षं व्याजाने फिरवायची योजना नेमकी कशी होती, कुठे अडली?

जुनीवही:
आधी घरातलं. विल्यम अनौरस, पण वडिलांच्या घरातच वाढलेला. 1763 पासून तो न्यू जर्सी या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. 1776 मध्ये वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करत होते, तेव्हा ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेला मुलगा बंडखोरांच्या अटकेत होता. 1778 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटल्यावरही तो राजाच्याच बाजूने लढत राहिला.

17 जुलै 1788 च्या मृत्युपत्रात त्याला नोव्हा स्कॉशियातली (आजच्या कॅनडातली) जमीन आणि त्याच्याकडे आधीपासून असलेली पुस्तकं-कागद मिळाले, शिवाय जुनं देणं माफ झालं. कारणही तिथेच लिहिलंय: युद्धात तो आपल्याविरुद्ध वागला हे जगजाहीर आहे, आणि जी इस्टेट तो आपल्यापासून हिरावू पाहत होता तिच्यातलं आणखी त्याला का द्यायचं? हिशेब त्याआधीच मिटला होता. 1785 मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला बापलेकांची शेवटची भेट झाली, आणि विल्यमची न्यू जर्सीतली जमीन त्याचा मुलगा, म्हणजे फ्रँकलिनचा नातू टेंपल, याच्या नावे झाली.

मोठा वाटा मुलगी सॅली आणि जावई रिचर्ड बाश यांना. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचं 408 हिऱ्यांनी मढवलेलं चित्र सॅलीला मिळालं. हिऱ्यांचे दागिने करू नयेत अशी विनंती होती. तिने काही हिरे विकून नवऱ्याबरोबर युरोपचा प्रवास केला. जावयाचं 2000 पौंडांहून जास्त कर्ज माफ केलं, आणि त्याबदल्यात त्याने बॉब या आपल्या गुलामाला मुक्त करावं असं लिहिलं. हे कलम सगळे गाळतात. ज्या फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरात गुलाम होते, त्याने आयुष्याच्या शेवटी गुलामगिरीविरोधी संस्थेचं अध्यक्षपद घेतलं. हे कलम त्या बदलाचा भाग आहे.

चक्रवाढ:
शहरांचा पैसा मृत्युपत्राच्या 23 जून 1789 च्या पुरवणीत आहे: त्यातून तरुण कारागिरांना कर्ज द्यायचं आणि व्याजाने निधी वाढवायचा. कर्ज कोणाला? 25 वर्षांखालील, विवाहित, त्याच शहरात उमेदवारी (उस्तादाकडे राहून काम शिकणं) पूर्ण केलेल्या कारागिराला. दोन प्रतिष्ठित नागरिक जामीन हवेत. रक्कम 15 ते 60 पौंड, व्याज 5 टक्के, दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा परत. म्हणजे 60 पौंड घेतले तर पहिल्या वर्षी 6 मुद्दल आणि 3 व्याज असे 9 पौंड, शेवटच्या वर्षी 6 पौंड 6 शिलिंग. एकूण व्याज साडेसोळा पौंड. तरुणपणी फ्रँकलिनचा छापखाना मित्रांच्या उसनवारीवर उभा राहिला होता. तीच सोय पुढच्या पिढ्यांसाठी बांधलेली.

5 टक्क्यांनी 100 वर्षांत हजाराचे 1,31,000 होतात. त्यातले एक लाख सार्वजनिक कामांवर खर्चायचे, 31,000 पुन्हा 100 वर्षं फिरवायचे.

शाईदौत:
मग अडलं कुठे? व्याज तर ठरलेलं होतं.

चक्रवाढ:
व्याज ठरलेलं होतं, कर्जदार नव्हते. कारखाने आले तशी उमेदवारीची पद्धत मोडली, अटीत बसणारे तरुण मिळेनात. जामीन द्यायला लोक तयार नसत, हप्ते थकत. पैसा कर्जात फिरला नाही की चक्रवाढही थांबते, आणि टक्क्याचा फरक शंभर वर्षांत प्रचंड होतो: 5 टक्क्यांनी 131 पट, 4 टक्क्यांनी 50 पट, 3 टक्क्यांनी जेमतेम 19 पट.

पौंडाचे डॉलर केले तर पहिल्या 100 वर्षांअखेरचं लक्ष्य 5 लाख 80 हजारांच्या आसपास. बॉस्टनकडे सुमारे 3 लाख 90 हजार जमले, फिलाडेल्फियाकडे सुमारे 90 हजार. बॉस्टनने पडून राहिलेला पैसा गुंतवला, फिलाडेल्फियात कर्जं बुडाली. 1990 ला मुदत संपली तेव्हा अनुक्रमे सुमारे 50 लाख आणि 20 लाख डॉलर होते.

जुनीवही:
एक जोड. पहिल्या 100 वर्षांनंतर बॉस्टनमध्ये सार्वजनिक कामांसाठी निघालेल्या हिश्शाइतकीच रक्कम उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने घातली आणि 1908 मध्ये कारागिरांची फ्रँकलिन युनियन ही तंत्रशाळा सुरू झाली. उमेदवारी संपल्यावर कारागीर घडवायला शाळाच लागणार होती, त्यामुळे हा खर्च मूळ हेतूला सर्वात जवळचा वाटतो.