स्लोव्हेनियातल्या विटान्येच्या स्पेस म्युझियमला कसं जायचं? जरा लवकर सांगा

खगोलवेडा: विटान्येला नूर्डुंगचं म्युझियम आहे तिकडे जायचंय, मॅपवर बस एकदा दिसते आणि परत बघितलं की गायब. बाबा बरोबर आहेत, फार चालवत नाही त्यांना. कोणी गेलंय का? तिकिटं खोळंबलीयेत.

मीरा_ग्राझ: निघणार कुठून? वार कुठला? आणि नूर्डुंग कोण तेही लिहा की.

खगोलवेडा: अहो हर्मन पोतोच्निक, नूर्डुंग टोपणनाव. ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता, क्षयामुळे नोकरी सुटली, मग अवकाशस्थानकावर पुस्तक लिहिलं १९२८ ला आणि पुढच्याच वर्षी गेला, जेमतेम ३६ वर्षांचा. जन्म पुला शहरातला (आता क्रोएशियात) पण आई विटान्येची. बसचं सांगा ना कोणीतरी!

रस्तामित्र: स्लोव्हेनियाचं विनयेट (गाडीचा हायवे टोल-पास) ऑनलाइन काढा, ऑस्ट्रियाचं वेगळं लागतं, एकावर दुसरं चालत नाही. दंड जबरी आहे.

खगोलवेडा: दादा, गाडीच नाहीये.

जुना_दुर्बीणवाला: भूस्थिर कक्षा, म्हणजे जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो, ती कल्पना लेखक आर्थर क्लार्कची, १९४५. उगाच पोतोच्निकला तिचा जनक करू नका. त्यापेक्षा न्यूरेंबर्गजवळ फॉइख्टला रॉकेटशास्त्रज्ञ ओबेर्थचं म्युझियम बघा, तो खरा माणूस.

मीरा_ग्राझ: काका, क्लार्कने संदेशवहनासाठी उपग्रह सुचवले. त्या कक्षेच्या उंचीचा ३५,९०० किमीचा आकडा पोतोच्निकच्या पुस्तकात आधीच आहे, स्थानक तिथेच ठेवायचं म्हणत होता. गोल फिरणारं चाक, कडेला खोल्या, फिरण्यामुळे आतल्यांना वजन जाणवणार. म्युझियमची इमारत त्याच चाकावरून केलीय, तिरकी वर्तुळं एकात एक अडकवल्यासारखी, रस्त्यावरून बघितलं तर आत्ता फिरेल असं वाटतं. मधे गावाचा हॉल पण आहे.

जुना_दुर्बीणवाला: पुस्तकात लिहिणं वेगळं आणि होणं वेगळं.

मीरा_ग्राझ: मग क्लार्कने काय स्वतः उडवला का उपग्रह?

खगोलवेडा: भांडण नंतर करा प्लीज, ल्युब्ल्यानाहून निघतोय, रविवारी.

चक्रधर_व्हिएन्ना: मग बसचा नाद सोडा, रविवारी खेडेगावात बस मिळणं कठीण. ट्रेनने त्सेल्येपर्यंत, पुढे टॅक्सी. आधी म्युझियमला मेल टाकून उघडं आहे का विचारा, भर दुपारी बंद दाराशी बाबांना उभं करू नका.

खगोलवेडा: टॅक्सीवाला परतीला थांबेल का?

चक्रधर_व्हिएन्ना: आत्ताच ठरवून घ्या, थांबायचे पैसे वेगळे. गावात उभ्याउभ्या टॅक्सी मिळेल असं धरून चालू नका.

रस्तामित्र: जवळच रोग्ला आहे, हिवाळ्यात स्कीइंगला मस्त.