वाटी फिरवतोय तर फिरवू द्या की!

सातारची आत्या:
परवा इथे "ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना काय भेट द्यावी" असा लेख आला. दहा खेळण्यांची यादी आणि खाली उपदेश: फिरणाऱ्या वस्तू लपवा, मूल गाड्या ओळीत लावायला लागलं की ओळ मोडा, भेट 'कौशल्य वाढवणारी'च द्या. त्याखाली "खूप उपयुक्त, शेअर करते" वाल्यांची रांग. म्हणून हा धागा.

माझा भाचा साडेपाच वर्षांचा, बोलतो मोजकंच. गेल्या वाढदिवसाला सात भेटी आल्या. तीन एबीसीडीची पझलं, दोन आकड्यांचे बोर्ड, एक फ्लॅशकार्डांचा गठ्ठा. सातवी सायरनवाली गाडी, ती सुरू झाली आणि पोरगं पलंगाखाली. सगळा गृहपाठच की हो! त्याच्या चुलतभावाला क्रिकेटची बॅट देताना कोणी विचारलं का, याने कुठलं कौशल्य वाढणार म्हणून?

मी नेली होती स्टीलची वाटी. हसा. तो ती फरशीवर फिरवतो, गाल जमिनीला टेकवून आडवा होतो आणि बघत राहतो. वाटी थांबायला आली की खडखड वाढते, आणि ती थांबायच्या बरोब्बर आधी तो टाळी वाजवतो. एकदाही चुकत नाही. मग माझं बोट धरून वाटीवर नेऊन ठेवतो.

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ११ ऑटिस्टिक मुलांवर निबंध लिहिला. त्यातला पहिला मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आतच ठोकळे, तवे, गोल मिळेल ते फिरवायचा. ऐंशी वर्षांत आपण शिकलो काय, तर तवे लपवायला.

विशेषआई:
आत्याबाई, महिन्यातून एकदा येऊन वाटी फिरवणं सोपं असतं. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मोडक्या सायकलचं चाक घेऊन बसली की जेवण नाही, शू नाही, हाक मारलेली कळत नाही. थेरपीची फी कोण भरतं? पझल आणणारे नातेवाईक मला तरी परवडतात. गंमत करून घरी जाणारे नाही परवडत.

खवट काका:
आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. मोबाइल काढून घ्या, मातीत सोडा, पोरं आपोआप सुधारतात.

सातारची आत्या:
काका, १९४३ साली त्या मुलाच्या हातात कुठल्या कंपनीचा मोबाइल होता? तुमच्या लहानपणीही ही मुलं होती. आळीत त्यांना 'वेडा बाळू' म्हणायचे.

खवट काका:
वयाचा मान ठेवून बोला.

निळी शाई:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोकणातला:
एवढी डोकेफोड कशाला? सावंतवाडीला या, चितारआळीत लाकडी भोवरे, चक्र, काय हवं ते घ्या. सेल नको, सायरन नको, आणि आपल्या कारागिराला चार पैसे.

पाटी-पेन्सिल:
रंगाचं काय? आमचा लेक सहा वर्षांचा आहे, अजून हाताला लागेल ते तोंडात घालतो. त्यापेक्षा चन्नपट्टणची घ्या, लाकूड लेथवर फिरत असतानाच लाख चढवतात, पोपडे निघत नाहीत.

कोकणातला:
झालं! मराठी माणसाला कर्नाटकातलंच गोड लागतं. आमचं पांगाऱ्याचं लाकूड तुम्हाला हलकं वाटलं?

पाटी-पेन्सिल:
पांगारा हलकाच असतो हो, म्हणून तर खेळणी करतात. प्रश्न रंगाचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. मग मी ओळखायचं कसं? चाटून बघू?

कोकणातला:
ही सूट तुमच्या चन्नपट्टणवाल्यांनाही आहेच की. उगाच आमच्याच गळ्यात का?

निळी शाई:
धाग्याचा काश्मीर झाला.

पाटी-पेन्सिल:
होऊ दे. भेट देणाऱ्यांनी निदान एवढं वाचा. खोक्यावरचं '३ वर्षांपुढे' हे हुशारीचं माप नसतं, बहुतेकदा बारीक भाग घशात अडकण्याबद्दल असतं. मूल सहा वर्षांचं असलं तरी तोंडात घालत असेल, तर तीनच्या आतलंच समजा. आणि वाजणाऱ्या-चमकणाऱ्या खेळण्यातला बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. सेलचं झाकण स्क्रूचं नसेल तर आमच्या दारातूनच परत जातं. सासूबाई रुसल्या, रुसू देत.

कोकणातला:
सेलचं मान्य. पांगाऱ्याचं नाही.

विशेषआई:
रंगाची लढाई संपली असेल तर बोलते. काल रागात लिहिलं. रात्री लेक चाक घेऊन बसली होती, मी डब्याचं झाकण घेऊन समोर बसले आणि फिरवलं. आत्याबाईंना खोटं पाडायलाच, खरं सांगते. पहिल्या तीन वेळा ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्यांदा चाक थांबवलं, झाकण उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बास, एवढंच.

यावरून तुम्ही बरोबर ठरत नाही. जेवायला तिला चाकापासून उठवायला पाऊण तास लागला, त्याचं उत्तर तुमच्या वाटीत नाही.

सातारची आत्या:
नाहीच आहे. आणि माझीही एक चूक सांगते, आधी लिहायची राहिली. पहिल्या वर्षी मी फुगे नेले होते, पन्नास. एक फुटला आणि तो तीन दिवस त्या खोलीत पाऊल टाकेना. तेव्हापासून जायच्या आधी वहिनीला फोन करते. तीच म्हणाली होती, "वन्सं, काही आणू नका, तो आमची आमटीची वाटी फिरवतो, तेवढी एक जास्तीची आणा."

खवट काका:
म्हणजे शेवटी वाटीच. यासाठी एवढा धागा?

विशेषआई:
काका, तुम्ही मातीत जा.
आत्याबाई, वाटी केवढी? बूड सपाट की गोल?

सातारची आत्या:
गोल बुडाची, मुठीत मावेल एवढी. आणि स्टीलचीच घ्या, जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) नको. तिचा आवाज येत नाही.