सह्याद्री-कोकणात अनुदान वाटणाऱ्या पर्यावरण न्यासाचा पैसा कुठून येतो आणि त्याचं वजन किती, हे कसं तपासायचं?

प्रश्न : पाणंद

आमची संस्था छोटी आहे. काम दक्षिण रत्नागिरीत, देवराया आणि वहाळांवर (ओढ्यांवर). सह्याद्री-कोकण पट्ट्यातल्या लहान संस्थांना अनुदान देणाऱ्या एका न्यासाने तीन वर्षांसाठी १८ लाख रुपये देऊ केले आहेत. हा न्यास स्वतः जमिनीवर काम करत नाही. कंपन्या, काही घराणी आणि बहुधा परदेशी फाउंडेशन यांच्याकडून घेतो आणि पुढे वाटतो.

कार्यकारिणीत दोन मतं आहेत. काहींच्या मते पैसा कुणाचा हे पाहत बसलो तर काम होणार नाही. बाकीचे म्हणतात, ज्या उद्योगाचा प्रकल्प शेजारच्या तालुक्यात येऊ घातलाय त्याचाच पैसा या वाटेने येत असेल तर उद्या आपलं तोंड बंद होईल. करारात असं एक वाक्य आहे : 'कोणतेही सार्वजनिक निवेदन करण्यापूर्वी न्यासाची लेखी परवानगी आवश्यक.' पहिलं उद्दिष्ट ५,००० रोपांचं आहे, देवराई सुमारे ३ हेक्टरची.

दात्यांची नावं आणि रकमा कोणत्या कागदांत सापडतील? दात्यांचा न्यासावर किती जोर आहे हे आकड्यांवरून कळतं का? आणि करारात काय बदलून मागावं?

---

उत्तर १ : ताळेबंद

आधी न्यासाचं कायदेशीर रूप बघा, कागद त्यावर ठरतात. कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे सार्वजनिक दस्तऐवज पाहता येतात, लेखे आणि संचालकांची यादी दोन्ही. सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात हिशेब दाखल होतो. नोंदणी क्रमांक घ्या आणि परिशिष्ट १ चा उतारा (न्यासाची नोंद, विश्वस्तांच्या नावांसह), शेवटच्या तीन वर्षांचं परिशिष्ट ८ (ताळेबंद) आणि परिशिष्ट ९ (उत्पन्न-खर्च) यांच्या नकलांसाठी अर्ज करा. नुसता ऑनलाइन शोध घेऊन थांबू नका. जुने हिशेब तिथे चढवलेले असतीलच असं नाही.

परिशिष्ट ९ मध्ये बहुतेक जण अडकतात. त्या नमुन्यात उद्दिष्टांवरच्या खर्चाचे रकाने धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत आणि 'इतर धर्मादाय उद्दिष्टे' असे आहेत. पर्यावरणाला वेगळा रकाना नाही. त्यामुळे न्यासाने वर्षभरात चाळीस संस्थांना दिलेलं सगळं अनुदान एका ओळीत एकच आकडा होऊन बसतं. म्हणून लेखापरीक्षण अहवालाच्या जोडपत्रातली अनुदान घेणाऱ्यांची यादी वेगळी मागा. जो न्यास ती द्यायला कुरकुर करतो, त्याच्याबद्दल मला तरी तेवढी माहिती पुरते.

ताळेबंदाच्या डाव्या बाजूला दोन ओळी महत्त्वाच्या : कॉर्पस (न मोडता ठेवलेला मूळ निधी) आणि 'इतर राखीव निधी'. कॉर्पसचं व्याज न्यासाचं स्वतःचं, त्यावर दात्याचा हात नसतो. राखीव निधी मात्र अमुक कामासाठी, अमुक जिल्ह्यासाठी असा बांधून आलेला असतो. समजा व्याजाचं उत्पन्न वर्षाला ४० लाख आणि पगार-भाडं-प्रवास धरून आस्थापना खर्च ५५ लाख. म्हणजे दात्यांनी हात आखडला तर न्यासाला स्वतःचं ऑफिसही चालवता येणार नाही. हा न्यास दात्याला 'नाही' म्हणू शकत नाही, मग विश्वस्त कितीही भले असोत. व्याज आस्थापनेला पुरून उरत असेल तर चित्र वेगळं.

दुसरा आकडा सर्वांत मोठ्या दात्याचा वाटा. तो एका वर्षावरून काढू नका. एखाद्या वर्षी मोठी देणगी आली की टक्केवारी फसवते. तीन वर्षांची बेरीज घ्या. ६ कोटींपैकी ३ कोटी ९० लाख एकाच कंपनीचे असतील तर ६५ टक्के झाले, आणि तो न्यास नावाने प्रादेशिक असला तरी त्या कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) विभागाचीच शाखा समजा.

दात्यांची नावं न्यासाकडून मिळाली नाहीत तर उलट्या बाजूने शोधा. न्यास आयकर खात्याला १० बीडी नमुन्यात दात्यांची यादी देतो, पण ती जनतेला दिसत नाही. कंपन्यांचे सीएसआर अहवाल मात्र दिसतात. २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या अहवालांत प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि राबवणाऱ्या संस्थेचं नाव असा तक्ता असतो. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नमुना आखडला, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर संचालक मंडळाने मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी आणि केंद्राचं सीएसआर पोर्टल पाहावं लागतं. शेवटी परिशिष्ट १ मधली विश्वस्तांची नावं घेऊन दाता कंपन्यांच्या संचालकांच्या यादीशी ताडा. विश्वस्त अलीकडे बदलले असतील तर फेरफार अर्जही मागवा, नाहीतर जुनी नावं पाहून निष्कर्ष काढाल.

---

उत्तर २ : एफसी-चार

'बहुधा परदेशी' हे तसंच सोडू नका. आधी ते लेखी विचारा.

परदेशी योगदान नियमन कायद्यातलं (एफसीआरए) कलम ७ सप्टेंबर २०२० मध्ये बदललं. तेव्हापासून परदेशी देणगी घेतलेली संस्था ती दुसऱ्या कुणालाही पुढे देऊ शकत नाही, घेणाऱ्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. म्हणजे तुमचे १८ लाख देशी पैशातूनच यायला हवेत. करारात हे वाक्य घालून घ्या : 'या अनुदानात परदेशी योगदानाचा कोणताही अंश नाही.' न्यास सही करायला तयार नसेल तर पुढे जाऊ नका.

यावर एक पळवाट सुचवली जाते : अनुदान म्हणून नको, सल्लासेवेचं बिल द्या. न्यासाला खरंच तुमच्याकडून सर्वेक्षण हवं असेल आणि ते त्याच्याच कामाचा भाग असेल तर बिल योग्यच आहे. त्यावर टीडीएस कापला जाईल, उलाढालीप्रमाणे जीएसटीही बघावा लागेल. पण काम तुमचं, गाव तुमचं, निर्णय तुमचे आणि फक्त कागदावर 'सेवा', हा प्रकार दोघांनाही गोत्यात आणणारा आहे.

न्यासाला परदेशातून किती येतं हे त्याच्याच संकेतस्थळावर सापडायला हवं. परदेशी निधीचा तपासलेला हिशेब वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत संकेतस्थळावर ठेवणं नियमात आहे. दर तिमाहीचा तपशील टाकायची अट जुलै २०२२ मध्ये निघाली, म्हणून चालू वर्षाचं चित्र मिळणार नाही.

वजन कसं पडतं याचं उघड, कागदोपत्री उदाहरण पश्चिम घाटातच आहे. क्रिटिकल इकोसिस्टीम पार्टनरशिप फंडाने २००८ ते २०१५ या काळात इथे अनुदानं दिली, समन्वय बंगळूरच्या एट्री संस्थेकडे होता. मूळ पैसा जागतिक बँक, जागतिक पर्यावरण सुविधा, फ्रान्सची विकास संस्था, जपान सरकार, मॅकआर्थर फाउंडेशन आणि कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल यांचा. अर्ज मागवण्याआधीच एक आराखडा तयार झाला होता आणि कोणते पट्टे, कोणत्या प्रजाती, कोणत्या प्रकारचं काम हे त्यात ठरलं होतं. सह्याद्री-कोकण पट्टा त्यात होता. अर्जदाराचं स्वातंत्र्य त्या चौकटीच्या आत. पण चौकट छापील होती, कुणीही वाचून तिच्यावर वाद घालू शकत होतं. तुमच्या न्यासाकडे असा लेखी आराखडा आहे का ते विचारा. नसेल तर विषय दरवर्षी दात्याच्या बैठकीत ठरतात.

---

उत्तर ३ : सडा

हिशेब पाहिलाच पाहिजे, पण दात्याचं वजन सगळ्यात जास्त उद्दिष्टांच्या तक्त्यात असतं. तुमचीच दोन उदाहरणं घेतो.

५,००० रोपं. ३ मीटर बाय ३ मीटर अंतर धरलं तर हेक्टरी १,१११ बसतात, म्हणजे साडेचार हेक्टर उघडी जमीन लागेल. देवराई अख्खी ३ हेक्टर आणि ती आधीच झाडांनी भरलेली. मग रोपं जाणार कुठे? एक तर देवराईतल्या नैसर्गिक मोकळ्या जागांत, जिथे आपोआप रुजलेली रोपं उजेडाची वाट बघत असतात आणि खड्डे खणताना तीच तुडवली जातात. नाहीतर शेजारच्या सड्यावर, जिथे कातळावरच्या वीतभर मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पतींचं राज्य असतं. तिथे खड्डा मारणं म्हणजे तो सडा मारणं. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. कंपनीला अहवालात मोजता येईल असा आकडा हवा असतो, न्यास तो तसाच पुढे सरकवतो, आणि देवराईचं नुकसान संवर्धनाच्या नावाने होतं.

आकडा नाकारू नका, बदलून द्या. हद्दीची किती मीटर आखणी झाली आणि गावकऱ्यांनी ती मान्य केली का. २ मीटर बाय २ मीटरचे कायमचे तीस चौकोन आखून दरवर्षी पावसाळ्यानंतर त्यातली स्थानिक रोपं मोजा. वहाळाचा प्रवाह मार्च, एप्रिल, मे अशा तीन महिन्यांत ठरल्या जागी मोजा. पाणी पाइपातून एका धारेत घेऊन २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात हे तीनदा पाहून सरासरी काढली तरी पुरतं. रानमोडीचा (पसरणारं परकं तण) काढलेला पट्टा चौरस मीटरमध्ये द्या. हे सगळे आकडेच आहेत, कंपनीच्या तक्त्यात बसतात.

आता ते परवानगीचं वाक्य. ते आहे तसं मुळीच स्वीकारू नका. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. त्या मुदतीत अहवाल मिळवायचा, वाचायचा, हरकत लिहायची. त्यात न्यासाच्या परवानगीला पंधरा दिवस गेले की अर्धी मुदत गेली, आणि नकार आला तर हरकतच संपली. त्याऐवजी असं घाला : 'न्यासाचे वा दात्याचे नाव किंवा बोधचिन्ह वापरलेल्या साहित्यापुरतीच पूर्वपरवानगी लागेल. ग्रामसभेतील मांडणी, जनसुनावणीतील हरकत, माहिती अधिकार अर्ज व न्यायालयीन कार्यवाही यांना हे कलम लागू नाही.'

माहितीच्या मालकीचं कलमही बघा. देवराईतल्या प्रजातींच्या याद्या, दुर्मीळ झाडांची ठिकाणं, औषधी वापराची माहिती यांची मालकी न्यासाकडे जाता कामा नये. ती गावाच्या जैवविविधता नोंदवहीचा भाग आहे आणि नोंदवही जैवविविधता व्यवस्थापन समितीची. न्यासाला अहवाल द्या, जीपीएस बिंदू देऊ नका.

---

पाणंद : हे खूप उपयोगी आहे. न्यासाने दोन गोष्टी कळवल्या आहेत : पगारावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च कायद्याने चालत नाही, आणि प्रत्येक हप्ता ३१ मार्चपर्यंत संपवलाच पाहिजे. हे खरं आहे का?

---

ताळेबंद : पहिलं चूक. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात मोडत नाही. देवराईत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार म्हणजे प्रकल्पच. न्यासाला सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची व्याख्या दाखवा. तरीही तो अडला तर ती न्यासाची किंवा दात्याची अट आहे, कायद्याची नव्हे, आणि अटीवर वाटाघाट करता येते.

दुसऱ्यात तथ्य आहे, पण उपायही आहे. दिलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला हे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं, म्हणून मार्चमध्ये सगळ्यांची घाई होते. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झाला असेल तर न खर्चलेली रक्कम कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवते आणि पुढच्या तीन वर्षांत वापरते. तुमचं काम तीन वर्षांचंच आहे, तेव्हा संचालक मंडळाच्या ठरावात हा शब्द आहे का ते विचारा. नंतर मुदत वाढवून तो शब्द लावायचा तर मंडळाला सबळ कारण द्यावं लागतं, नुसती सोय पुरत नाही. हप्ते ४०-४०-२० टक्के असतील तर शेवटचे ३ लाख ६० हजार अहवालानंतर येतील, तेवढे महिने पगार कशातून द्यायचे हे आत्ताच ठरवा.

आणखी एक, याचा परिणाम सहज दिसत नाही. २०२३-२४ पासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या रकमेपैकी आयकरासाठी ८५ टक्केच खर्च धरला जातो. १ कोटी वाटले तर ८५ लाख. स्वतः काम केलं तर पूर्ण कोटी. त्यामुळे वाटणारे न्यास हळूहळू स्वतःचे कार्यक्रम चालवायला लागतात आणि तुमच्यासारख्या संस्था त्यांच्या योजनेच्या स्थानिक राबवणाऱ्या होतात. न्यासाच्या तीन वर्षांच्या खर्चात 'अनुदाने' घटून 'प्रकल्प खर्च' वाढतोय का ते पाहा.

---

वहाळकाठ : वरच्या सगळ्याशी सहमत, एक सोडून. कलम सुधारलं की कोणाचाही पैसा चालेल असा सूर दिसतोय. तो मान्य नाही. परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं सरकारी संकेतस्थळ) जा आणि दाता कंपनीच्या नावाने तुमच्या जिल्ह्यात पर्यावरण मंजुरीचा अर्ज प्रलंबित आहे का ते पाहा. असेल तर न्यासाला सांगा की आमचं अनुदान दुसऱ्या दात्याच्या पैशातून द्या, आणि ते मंजुरीपत्रात नावानिशी लिहून घ्या. कलम तुमची हरकत वाचवेल, पण जनसुनावणीत कंपनीचा माणूस उभा राहून 'ही संस्था आमच्याच मदतीने काम करते' एवढंच म्हणाला तरी गावात तुमच्या हरकतीला किंमत राहणार नाही.

---

सडा : प्रलंबित अर्ज असेल तर वहाळकाठ यांचं बरोबर आहे, तिथे कलम पुरत नाही. पण परिवेशवर शोधताना मूळ कंपनीचंच नाव टाकून थांबू नका. प्रकल्प बहुतेकदा उपकंपनीच्या नावावर असतो. तिची नावं कंपनीच्या वार्षिक अहवालात उपकंपन्यांच्या विवरणात, एओसी-१ नमुन्यात, मिळतील. प्रत्येक नाव वेगळं टाकून बघा.