लोकहिताच्या वकिलीसाठी विद्यार्थ्यांचा गट: खरंच उपयोग होतो का?

अर्जदार
कैदी, कामगार, विस्थापित, पर्यावरण अशा कामांत वकिली करायची इच्छा असलेल्या विधी विद्यार्थ्यांचा गट आम्ही सात-आठ जणी उभा करतोय. पहिल्या वर्षी वर्गात विचारलं तर निम्मे हात वर जातात, पाचव्या वर्षी प्लेसमेंट सुरू झाली की दोन उरतात. बाकीच्यांचं मन पालटलं असं मला वाटत नाही, ते एकटे पडतात. लॉ फर्मकडे जाणाऱ्याला सीनियर, सीव्हीचे नमुने, मुलाखतीतले प्रश्न सगळं आयतं मिळतं. दुसऱ्या वाटेला लागणाऱ्याला फोन कोणाला करायचा तेही ठाऊक नसतं. म्हणून हा खटाटोप. विरोधी मतं आधी सांगा, कौतुक नंतर चालेल.

काळा कोट
मग ऐका. एकटेपणा वगैरे ठीक आहे, पण हात खाली जातात ते पैशामुळे. अमेरिकेने २००७ साली सरळ कायदाच केला: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० मासिक हप्ते भरा, उरलेलं केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज माफ. म्हणजे दहा वर्षं. अंमलबजावणीत घोळ झाले, पण रोग कुठला ते तरी ओळखलं होतं. आपल्याकडे असं काही नाही.

आमच्या बॅचमध्येही असा गट होता. दर महिन्याला कोणीतरी पाहुणे येऊन हुसैनारा खातून खटल्याची गोष्ट सांगायचे. १९७९, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेले कच्चे कैदी, कपिला हिंगोरानींची याचिका. अंगावर काटा यायचा, टाळ्या व्हायच्या. पण ‘पहिली तीन वर्षं घरभाडं कशातून भरलंत?’ असं एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. भीड वाटायची.

तिसरा बाक
भाषणांचा गट असेल तर काळा कोट यांच्याशी सहमत. पण कामाचा गट वेगळा. हार्वर्डचा लीगल एड ब्युरो (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारं केंद्र) १९१३ पासून विद्यार्थीच चालवतात, आणि तिथे देखरेखीखाली विद्यार्थ्याला कोर्टात उभंही राहता येतं. आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम १९६१ आडवा येतो, सनद नाही तर युक्तिवाद नाही. तरी करण्यासारखं पुष्कळ आहे.

आमचं उदाहरण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम ४७९ नुसार, आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं असतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि इतर खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही). आम्ही तुरुंगात जाऊन फक्त दिवस मोजायचो. चोरीचा एक आरोपी होता, कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष पुरे. रजिस्टरप्रमाणे त्याचे ३६१ दिवस भरत होते. माझ्या मैत्रिणीने रिमांडचे, म्हणजे कोठडीत ठेवायच्या आदेशांचे, कागद चाळले, तर पोलीस कोठडीचे सहा दिवस कोणी धरलेच नव्हते. ३६७! अर्ज करायची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे, आम्ही फक्त हिशेबाचा कागद पुढे सरकवला. ती मैत्रीण आज फौजदारी वकिली करते. तिला कोणाचं भाषण लागलं नाही.

मसुदा
गोष्ट छान आहे, पण परीक्षेच्या महिन्यात ते दिवस कोण मोजत होतं? मी लीगल एड पॅनलवर काम करते. विद्यार्थी उत्साहाने येतात, माणसाला आशा लावतात, अर्धवट टिपणं ठेवतात आणि सबमिशन आलं की गायब. त्याच्या आईचे फोन मग मला येतात. तुमच्या करिअरची वाट शोधायला दुसऱ्याची कोठडी वापरू नका. गट काढायचाच तर आधी आपापसांत अभ्यास करा, कागद वाचायला शिका.

तिसरा बाक
लागलं, पण खरं आहे. एका सत्रात आमच्या तीन फायली तशाच पडून राहिल्या. त्यानंतर नियम केला: प्रत्येक फाइलवर दोन नावं, दोघं वेगवेगळ्या वर्षांतले, आणि वर सनदधारक वकील. तो नसेल तर फाइल घ्यायचीच नाही. अभ्यास करून मग या, हे मात्र पटत नाही. रिमांडचा कागद वर्गात दाखवतंय कोण?

मसुदा
दोन नावांचा नियम चांगला आहे. उचलते.

निवांत
आधी पाच वर्षं फर्ममध्ये कमवा, मग करा समाजसेवा. एवढं साधं आहे.

काळा कोट
@निवांत, साधं नाही. पाच वर्षं करारांचे मसुदे केलेल्याला उलटतपासणी आपोआप येत नाही. ट्रायल कोर्टाचा हात तिथेच बसतो. शिवाय ‘समाजसेवा’ कसली? फी कोण देतं एवढाच फरक, काम वकिलीच आहे.

आणि पैशाबद्दल मी वर फारच काळं चित्र काढलं, तेही दुरुस्त करतो. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०२२ मध्ये लीगल एड डिफेन्स काउन्सेल ही गरजू आरोपींच्या बचावासाठी वकील नेमायची योजना आणली. पूर्णवेळ काम, दरमहा ठरलेलं मानधन, खासगी खटले घ्यायचे नाहीत. सहायक पदाला शून्य ते तीन वर्षं अनुभव चालतो, म्हणजे सनद हातात पडताच अर्ज करता येतो. नेमणूक करारावर असते, हे दुखणं आहेच. पण पाचव्या वर्षातल्या किती जणांना हे पद माहीत आहे? मला स्वतःला उशिरा कळलं.

अर्जदार
आम्हाला आत्ता कळलं! तेव्हा माहितीचा तुटवडा हा माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, हे नम्रपणे नोंदवते :)

पाहुण्यांची भाषणं रद्द. त्याऐवजी एक वही करतो: कोण कुठे लागलं, पहिल्या वर्षी हातात काय पडलं, कोणी का सोडलं. सोडलेल्यांनाही बोलवायचं, त्यांना तर आधी. तुरुंगाचं काम सनदधारक वकील मिळेपर्यंत नाही. @काळा कोट, पहिले तुम्हीच या. भाड्याचा प्रश्न मी विचारीन.

काळा कोट
येतो. शनिवार ठेवा, बाकीच्या दिवशी तारखा असतात.